भाऊकाकांचे गाऱ्हाणे

भाऊकाकांना कुणी 'नाही' म्हटलेले मी कधी ऐकले नाही. याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला देण्याचे कारण नाही. गोव्यात पेडण्याजवळच्या आमच्या गावात देवळातले गाऱ्हाणे तेच घालत. गावाच्या वतीने एकाने देवापुढे मागणे मांडायचे आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, ही आमच्याकडची रीत. मागणे पटले नाही तर बाहेर येऊन खुशाल भांडावे, पण देवासमोर 'व्हय' म्हणावेच लागते.

त्यांच्या गाऱ्हाण्यातून गावातले एकही माणूस सुटत नसे. परगावी गेलेल्यांची तर ते एकेक करून नावे घेत. मग म्हणत, "परीक्षेक बसल्ल्यांक पास कर, गाभण गायींक सुखरूप सोडय, आनी हरमलच्या बशीक येळार येवची बुद्द दी, म्हाराजा!" बस सुधारली नाही, पण त्यात भाऊकाकांचा काही दोष नव्हता.

गोव्याचे राज्य व्हायच्या सुमारास भाषेवरून गावात दोन तट पडले. देवळातसुद्धा मराठीवाले एका खांबाकडे आणि कोंकणीवाले दुसऱ्या खांबाकडे उभे राहू लागले. भाऊकाकांनी दोन्हीकडे पाहून घेतले आणि ते म्हणाले, "कोण खंयच्या भाशेत रडता ता तुका कळता. सगळ्यांचे डोळे पूस, म्हाराजा!" दोन्ही खांबांकडून 'व्हय म्हाराजा' आले. त्या वर्षी गावाचे एकमत झाले ते तेवढ्याच दोन शब्दांवर.

पुढे चार-पाच वर्षांनी त्यांचे विसरणे सुरू झाले. नवसाचा नारळ फोडून झाल्यावर ते त्याच बाईला विचारत, "नारळ हाडलंस गो?" ती बिचारी दुसरा आणायची. देवाची त्या काळात चंगळ झाली. म्हापशाच्या डॉक्टरांनी आजाराचे नाव डिमेन्शिया सांगितले. म्हातारपणी हा जगभर होतो, औषध फारसे नाही, आणि मुख्य म्हणजे रोग्याचे बोलणे खोडू नका, असेही सांगितले. हे पथ्य गावाला नवे नव्हते. माईकाकी, म्हणजे त्यांची बायको, एवढेच म्हणाली, "जगभर आसा तर आसूं. आमच्या घराची वाट तेका कोणी दाखयली?"

मी तेव्हा तुयेच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि देवस्थान समितीचा चिटणीस होतो. समितीने ठरवले की हा दसरा भाऊकाकांचा शेवटचा, पुढे त्यांच्या चुलतभावाने गाऱ्हाणे घालावे. अप्रिय निरोप पोचवायचा असला की चिटणीस उपयोगी पडतो. काकीने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. "घराची वळख गेली, नावां गेली. आता देवापुढची जागाय काडून घेतल्यात तर तेंनी उबे रवचे खंय?" मी चहा न घेताच परतलो.

दसऱ्याला देऊळ भरले होते. भाऊकाका एकदा उभे राहिले की शब्द कसे बिनचूक येत, याचे मला आश्चर्य वाटे. त्या दिवशीही आले. मग ते म्हणाले, "मुंबयेक गेल्लो सदू, शेवंताचो झील, तेका सुखरूप घराक हाड, म्हाराजा!"

शेवंताचा हा मुलगा वारून तीन वर्षे झाली होती. त्याच्या तेराव्याला भाऊकाका स्वतः जेवले होते.

गाऱ्हाण्याला उत्तर आले नाही, असे माझ्या आठवणीत प्रथमच घडत होते. भाऊकाका हात जोडून वाट बघत राहिले. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे 'बघ, सांगितले नव्हते?' अशा नजरेने पाहू लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने शेवंताचा आवाज आला. "व्हय म्हाराजा." मग सगळे देऊळ म्हणाले.

मी नंतर तिची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "तीन वर्सां माज्या झिलाचा नाव कोण तोंडार घेय नासलो. तेंनी घेतला. तेंका काडू नकात." हे मी समितीच्या वहीत लिहून घेतले आणि बैठकीत जसेच्या तसे वाचले. चुलतभावाचा विषय त्यानंतर वहीत आला नाही, आणि पाय चालत होते तोवर भाऊकाकाच गाऱ्हाणे घालत राहिले.

शेवटचा भेटलो तेव्हा ते दारातल्या ओट्यावर बसले होते. समोर काकी तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिच्याकडे बघून त्यांनी मला हळूच विचारले, "ही बाय कोणाची रे? सकाळपासून हांगाच आसा." काकीने मान वर केली नाही.

भाऊकाका भिंतीला धरून उठले आणि हात जोडले. आवाज अगदी देवळातला होता. "बा देवा म्हाराजा! ही बाय कोणाची ता माका खबर ना. पण बरी आसा. हिचो न्हवरो खंय वाट चुकलो आसात तर तेका सांबाळ, आनी हिच्या घराक हाडून पावय, म्हाराजा!"

'व्हय' म्हणणे माझे काम होते. मला ते जमले नाही.

काकीने सूप खाली ठेवले, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा."