बेलाचं पान

विश्वनाथअप्पा इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्याचं माहेर सांगत. उदगीरकडच्या आमच्या गावात ते हेडमास्तर, मी नवाच मास्तर. कुणाला जन्मात लागणार नाहीत अशी क्रियापदं ते मुद्दाम फळ्यावर लिहीत. एकदा लिहिली, ॲडज्युअर आणि ॲबज्युअर.

"सख्ख्या बहिणी हायत. रोमन लोकांची कसम ही त्यांची माय. पहिली दुसऱ्याला कसम घालते. दुसरी कसम खाऊन आपलंच टाकून देते. तोंडवळा एक, म्हणून फसू नका."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही नव्हता. गावासाठी आलेला टँकर सरपंचांच्या मोसंबीत रिकामा होई. सगळे बघत, बोलत कुणी नसे. शाळेत पाणी भरणारी शेवंताबाई गावाबाहेरच्या आडात उतरली, तळाचं पाणी वाटीनं भरायला. वरची दरड तिच्यावर कोसळली आणि ती तिथंच गेली.

लातूरहून साहेब चौकशीला येणार म्हणताच सरपंचांनी आम्हाला महादेवाच्या देवळात बोलावलं. पिंडीवरचं बेलाचं पान उचलून म्हणायचं, टँकर गावातच येतो. आमच्याकडे बेल उचलला की शब्द फिरवत नाहीत. एकेक हात पुढं होत होता. मीही उचललं. घरी तान्ही मुलगी होती आणि आमची घागर सरपंचांच्या विहिरीवर भरत होती. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

अप्पा लिंगायत; त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"अप्पा, तुमचाच देव हाय की," सरपंच हसले.

"हाव. म्हणून तर त्याच्या डोक्यावरचं पान खोट्यासाठी उचलत न्हाई."

साहेबांपुढं ते एकटेच खरं बोलले. बाकी सगळ्यांचं एकच निघालं. चौकशी मिटली. त्यानंतर अप्पांच्या दारात कुणी घागर येऊ दिली नाही. शेवटी त्यांनी गाव सोडलं. एसटीच्या पायरीवरून मला म्हणाले, "कसम सरपंचानं घातली, कबूल. टाकून काय दिलंस, ते तुझं तू बघ."

परवा उदगीरला अप्पांना माती दिली. त्यांच्या रीतीप्रमाणे खड्ड्यात त्यांना बसवलं होतं, हातात तेच लिंग. प्रत्येकजण विभूती आणि बेलाचं पान वाहत पुढं सरकत होता. त्यांच्या मुलानं माझ्यापुढं टोपली धरली.

"घ्या काका."

माझा हात उचलेना.

"घ्या की, लोक थांबून राहिलेत," मागून कुणीतरी म्हणालं.

मी रांगेतून बाजूला झालो.