माळेवरचा भात

कोर्लईच्या तेरेझामावशीच्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, जपमाळ होती. दहा 'नमो मरिये' म्हटले की बोंबलाचं कालवण उतरायचं, अख्खी माळ संपली की भात. आजवर एक शीत करपलं नव्हतं आणि मावशीचा सगळा तोरा त्या भातावर होता.

रविवारी चर्चमध्ये फादर म्हणाले, "गाडी पकडायची असल्यासारखी प्रार्थना म्हणू नका. एकेक शब्द मनात मुरू द्या. आत्म्याचं जेवण तेच."

मावशीला पटलं. त्याच दुपारी फादर तिच्याकडे जेवायला यायचे होते. तिने भात चढवला, डोळे मिटले आणि शब्द असे मुरवले की अर्ध्या माळेवरच तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"भक्ती कसली गो, धूर हाय तो!" नवरा पास्कू ओरडला.

भाताचा कोळसा झाला होता आणि फादर दारात उभे होते.

"आत्मा जेवला ना, मावशी?"

"पोटभर, फादर. पण तुमचं काय आता?"

"दुसरा भात चढवा. माळ मात्र नेहमीच्या वेगाने!"

मावशी सुसाट सुटली. तिच्यामागून प्रार्थना म्हणताना फादरना धाप लागली, पण भात उतरला तो मोगऱ्यासारखा.