जोडगोळी

गावात आम्हा दोघी जावांना 'जोडगोळी' म्हणतात. कापूस वेचायला दोघी, जाफराबादच्या बाजाराला दोघी, कुणाशी भांडायचं तरी दोघी मिळून. थोरल्या जाऊबाईंनी म्हणावं आणि मी मान डोलवावी, अशी तीस वर्षं गेली.

त्यामुळे भोकरदनच्या डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी बदलली आणि ही जोडगोळी आहे, असं म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं. एका औषधानं बीपी आटोक्यात येत नव्हतं, म्हणून आता एकाच गोळीत दोन औषधं होती. रोज एक घ्या, चुकवू नका, एवढंच त्यांनी बजावलं.

घरी येऊन मी हे सगळं जाऊबाईंना सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. बीपी त्यांचंही वाढलेलं होतं. घरोघर तपासणीला येणाऱ्या आशाताईंनी दोनदा मोजून दवाखान्यात जायला सांगितलं होतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला आणि माझ्या गोळीचे दोन तुकडे केले.

"दोन दवाया हायेत ना? मंग एक तुझी, एक माझी. बराबर झालं."

मला ते पटलं, याचा आजही स्वतःवर राग येतो. दोन महिने आम्ही रोज सकाळी अर्धी अर्धी गोळी घेत राहिलो.

मग एक दिवस कापूस वेचताना मला घेरी आली. दवाखान्यात मोजलं तर बीपी आधीपेक्षा जास्त. मी अडकित्त्याची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही औषधं गोळीभर कालवलेली असतात, म्हणाले. अर्ध्या तुकड्यात दोन्ही अर्धीच. तुम्हाला अपुरी पडली, आणि तुमच्या जाऊबाईंनी न तपासता दुसऱ्याची गोळी खाल्ली. असंच चाललं तर दोघींपैकी कुणालाही लकवा मारेल. थालीपीठ मोडलं तर एका तुकड्यात पीठ आणि दुसऱ्यात मीठ येत नाही, हे मला कळू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई अडकित्ता घेऊन बसल्या. मी त्यांच्यासमोर अख्खी गोळी तोंडात टाकली आणि अडकित्ता उचलून माझ्या पिशवीत घातला. जाऊबाईंचे नवरे, माझे थोरले दीर म्हणाले, दोन औषधं म्हणजे आजार दुप्पट, आणि जन्माची सवय लागते. सवय तुम्हाला चष्म्याचीही लागली आहे, मी म्हटलं, तो फेकला नाहीत. त्या घरात मी पहिल्यांदाच उलटून बोलले होते, आणि मला बरं वाटलं.

जाऊबाईंचे डोळे भरून आले. "जोडगोळी फुटली म्हनायची," त्या म्हणाल्या.

"फुटू न्हाई म्हनूनच तुमाला दवाखान्यात घेऊन चालले. तुमची गोळी तुमच्या नावानं लिहून आणू. उठा बाई, जीप थांबलीय."

त्या चपला शोधू लागल्या. गुडघ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.