लिंबाच्या फांदीसाठी गायलेली ओवी

माझं माहेर सिरसाळा, सासर तलवाडा. मधे सिंदफणा. लग्नानंतरच्या दुसऱ्या पंचमीला भाऊ न्यायला येणार होता, पण नदीला असा पूर आला की अलीकडचा माणूस अलीकडं आणि पलीकडचा पलीकडं. सणाला दोन दिवस राहिले, तशी मी चुलीपुढं बसून रडायला लागले.

"कावून रडतीस?" सासूबाईंनी विचारलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो.

"तिकडं झोका बांधला असंल, आत्याबाई. इथं तर काहीच न्हाई."

तलवाड्यात आमच्या आळीला दोन वर्षं झोका नव्हता, आणि त्याचं कारण आमचंच घर होतं. परसात एक कडुलिंब होता, बरोबर आमच्या आणि चुलत सासूबाईंच्या हद्दीवर. शेळीसाठी कुणी तरी त्याची फांदी तोडली आणि दोघी जावांचं जे वाजलं, ते पार पुरुषमाणसांपर्यंत गेलं. निजामाचं राज्य. महसुलाच्या गिरदावराकडं अर्ज गेला, तोही उर्दूत. त्यात नेमकं काय लिहिलंय, हे दोन्ही घरांत कुणालाच वाचता येत नव्हतं. तेव्हापासून दोघींचा अबोला. सगळी आळी पंचमीला याच लिंबाला झोके घ्यायची, तेही बंद पडलं.

पंचमीला दळायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून आदल्या दिवशी पहाटे आम्ही पुरणाच्या दिंडांसाठी जास्तीचं दळण घेतलं. जातं सामाईक भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडं चुलत सासूबाईंचंही जातं घरघरत होतं. आत्याबाईंनी खुंटा धरला, दोन फेरे दिले आणि एकदम आवाज चढवून गायल्या,

"नदी आली दोन्ही थडी, भाऊ राहिला पल्याड,
सुनेच्या झोक्यासाठी देशील का लिंबझाड?"

माझा हात थांबला. पलीकडचं जातंही थांबलं. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वढ की! मी कुणाशी बोलले न्हाई. मी आपली ओवी गायली."

मला वाटलं, झालं, आता आणखी एक अर्ज जाणार. मग पलीकडचं जातं हळूच फिरायला लागलं आणि त्यावरून आवाज आला. बारीक, पण आमच्या आत्याबाईंपेक्षा गोड.

"दोर माझा नव्या तागाचा, फांदी उंच लिंबाची,
सून झुलू दे आधी गं, मग गोष्ट भांडणाची."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत का रडतायत मला कळेना. मग म्हणाल्या, "बघ, आवाज अजून तसाच हाय तिचा. मेली!"

पंचमीला सकाळी वारुळाला दूध-लाह्या वाहून आलो, तर लिंबाला झोका बांधलेला. चुलत सासूबाई दोर ओढून बघत उभ्या. कुणी निरोप दिला नव्हता, तरी दुपारपर्यंत आळीतल्या सगळ्या पोरी जमल्या, माहेरवाशिणी आल्या, आम्हाला बांगड्या भरायला आलेली मणेरीणही टोपली ठेवून रांगेत उभी राहिली. जिला झोक्यावरून उंच जाऊन फांदीचा पाला दातानं तोडता येईल, ती खरी. मी तिसऱ्या झोक्याला तोडला. तोंड कडू जहर झालं, पण थुंकले नाही.

मग पोरींनी दोघी जावांना धरलं. "तुमी दोघी बसा!"

"माझं वय हाय का?" आत्याबाई म्हणाल्या, पण तोवर लुगडं खोचून झालं होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, पाय पायांत अडकवले आणि झोका चढवायला लागल्या. खाली आम्ही किंचाळतोय, वर त्या दोघी हसून बेजार. उतरल्यावर चुलत सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "दोन वर्सं कशी बोलली न्हाईस गं?"

"तू तरी कुठं बोललीस?"

तेवढंच. कुणी माफी मागितली नाही, कुणी मागा म्हटलंही नाही.

तिसऱ्या प्रहरी फेर धरला. एका रांगेच्या पुढं आत्याबाई, दुसऱ्या रांगेच्या पुढं चुलत सासूबाई. एकीनं गाण्यात विचारायचं, दुसरीनं गाण्यात उत्तर द्यायचं. दोन वर्षांची राहिलेली सगळी गाणी त्यांनी त्या दिवशी काढली. मधेच एका कडव्यावरून अडलं. "हे आधी येतं!" "न्हाई, ते आधी!" फेर थांबला आणि दोघी कमरेवर हात ठेवून भांडायला लागल्या. आम्हाला हसू आवरेना. आम्ही म्हटलं, दोन्ही म्हणा, आम्हाला चालतंय.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा आवाज पार बसला होता. दिवसभर त्यांनी मला हातवारे करून कामं सांगितली. मी निम्मी चुकीची केली, आणि त्यांना रागवताही येईना.