काकूचं घोरणं

आमच्या लता काकूचं घोरणं सुरू झालं की शाळा नीट चाललीय, असं आम्ही पाच पोरं समजायचो. शाळा म्हणजे म्हसावदजवळच्या मळ्यातली आमची ओसरी, आणि बाईंची खुर्ची म्हणजे काकूची खाट.

काकू डी.एड. होती. नोकरीची वाट बघून कंटाळली आणि घरातल्या सगळ्या पोरांना तिनंच शिकवायला घेतलं. मी आठवीचा, धाकटी पिंकी पहिलीची आणि बाकीचे तिघे मधले. "शाळामा बी चार वर्गसले एकच मास्तर शे. मी निदान भाकरी तं टाकस," असं म्हणून तिनं काकांचं तोंड बंद केलं.

ती फक्त मला शिकवायची. मी खालच्याला, त्यानं त्याच्या खालच्याला, अशी विद्या घरंगळत पिंकीपर्यंत जायची. "खालनाले समजनं नही, तं वरनाले येत नही," हा तिचा कायदा. त्यामुळे भाऊ चुकला तरी धपाटा मला बसे. आम्ही तिला तोंडावर आळशी म्हणायचो. तिला त्याचं काही नव्हतं. "मले झोप लागनी, म्हनजे तुम्हले येवाले लागनं," म्हणायची आणि आम्हाला जमायला लागलंय असं धरून आडवी व्हायची. फक्त पोरं भांडली की तिला तत्काळ जाग यायची, आणि लाटणं उशाशीच असायचं.

गाडं अडलं ते पिंकीपाशी. तिला अक्षरं यायची, पण वाच म्हटलं की तोंडाला कुलूप. एक दिवस तिचे वडील, म्हणजे आमचे धाकटे काका नाना, भडकले. पपई गुंडाळायच्या रद्दीतला कागद ओढून त्यांनी तिच्यापुढे धरला. "वाच! नही तं उद्या तुले नंदुरबारना होस्टेलमा टाकसू." पोर खाटेच्या पायाशी सरकली. मला नानांचा भयंकर राग आला होता.

काकू खाटेवर उठून बसली. "नाना, हिना खाले कोनीच नही, मंग ही कोनले शिकाडी? बठा तुम्ही हिना खाले."

वहिनीपुढे नानांचं काही चालत नसे. कुरकुरत खाली बसले. पिंकीनं त्यांना जरा न्याहाळलं. "मांडी घाली बठ," ती म्हणाली. मग बोट ठेवून, अडखळत, तिनं ट्रॅक्टरची अख्खी जाहिरात वाचली आणि शब्द न् शब्द बापाकडून वदवून घेतला.

"समजनं का?"

"समजनं, माय." खाटेवर घोरणं सुरू झालं. होस्टेलचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मागच्या वर्षी काकू गेली, तीही भर दुपारी, शाळा चालू असताना. पिंकी तेव्हा बारा वर्षांची. खाटेशेजारी शेजारच्या मळ्यातल्या लहान पोरांना शिकवत होती. ओसरीवर आरडाओरडा ऐकून आम्ही धावत आलो, तर पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. पिंकी त्यांना सोडवत नव्हती. काकूच्या तोंडाकडे बघत, रडत रडत त्यांनाच सांगत होती, "आजून जोरमा! आजून जोरमा भांडा!"