तंबाखूच्या पानावरचा वाळका डाग

विद्यापीठाच्या काचघरात मी तंबाखूची रोपं वाढवते, हे गडमुडशिंगीत कुणाला खरं वाटायचं नाही. पोरीला एवढं शिकवून शेवटी तंबाखूच लावायला धाडली, असं लोक आईला चिडवायचे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी सिटी बसनं रोज कोल्हापूरला जायची आणि दिवसभर पानांना इंजेक्शनं द्यायची. बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीवर दाबायची आणि जिवाणू मिसळलेलं पाणी आत सोडायचं. दुसऱ्या दिवशी तेवढाच गोल भाग वाळून कागदासारखा झालेला असायचा आणि आजूबाजूचं पान हिरवंगार.

हा डाग म्हणजे रोग नव्हे, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. जिवाणू आत आला की पेशीला त्याची चाहूल लागते. ती आपली भिंत जाड करते, वाटा बंद करते, विषारी रसायनं सोडते. उन्हाचा, तहानेचा किंवा जखमेचा ताण आला तरी सुरुवातीची धावपळ साधारण अशीच असते. पण आलेला जिवाणू ओळखता आला आणि तो पुढं पसरणार असं दिसलं, तर ती पेशी स्वतःच मरते. शेजारच्या काही पेशीही मरतात. जिवाणू त्या मेलेल्या जागेत अडकून पडतो. आमचे गाईड हे सांगताना असे खुलायचे, की जणू पेशींना त्यांनीच शिकवून पाठवलं होतं. मला ते ऐकून कधी आनंद झाला नाही.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला. गावानं नजर बदलायला पुढची पिढी घेतली आणि तरी काम अर्धंच राहिलं. वडील कबनूरला मागावर कामाला होते, सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी यायचे. ओढ्याकाठचा आमचा तुकडा आईच बघायची. तिथं ती टोमॅटो लावायची आणि तो तुकडा पैऱ्यानं कसायची. आमच्याकडं पैरा म्हणजे आज सगळ्या बायकांनी मिळून तुझ्या रानात भांगलायचं, खुरप्यानं तण काढायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, उपकार नाही. जिला पैऱ्यात धरलं, ती बरोबरीची.

आईला तिथं सहज कुणी धरलं नव्हतं. आधी कितीतरी वर्षं तिला मजुरीनंच बोलवायचे. मग वरच्या मळ्यातल्या आक्कांनी एकदा तिला पैऱ्यात घेतलं. आक्का म्हणजे त्या शिवारातल्या बायकांची मुकादमीणच. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली, तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. त्यानंतरही दुपारी बांधावर भाकरी सोडताना आईच्या खर्ड्याकडं कुणाचा हात जात नसे. शेवटी एकदा आक्कांनीच तो बोटावर घेतला आणि म्हणाल्या, "काय जाळ हाय गं ह्यो." आई ते वाक्य घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मला हसू यायचं आणि रागही यायचा. दुसऱ्यानं आपला खर्डा खाल्ला याचा एवढा आनंद व्हावा, याचा राग.

एका उन्हाळी हंगामात तिनं बाजारातून टोमॅटोचं तयार रोप आणलं. फुलं लागायच्या वेळेला काही झाडं दुपारी माना टाकायला लागली. पानं हिरवीच, पण लोंबलेली. संध्याकाळी ती परत उभी राहायची, म्हणून आईनं उन्हावर ढकललं. मग एकेक झाड उभं राहीनासं झालं. मी एक झाड उपटलं, खोड कापलं आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून धरलं. थोड्या वेळात कापलेल्या जागेतून दुधासारखी पांढरी तार खाली उतरू लागली. ते जिवाणू होते. त्यांनी झाडाची पाणी वाहायची नळीच भरून टाकली होती.

आई ग्लासाकडं बघत राहिली. "औषध?" तिनं विचारलं.

"याला औषध नाही. मातीत राहतो. पायाच्या चिखलातनं, खुरप्यातनं दुसऱ्या रानात जातो. भांगलताना मुळीला खुरपं लागलं की आत शिरतो."

दुसऱ्या दिवशी आक्कांच्या रानात पैरा होता. त्यानंतर आमच्या. सगळ्यांच्याच रानांत टोमॅटो उभा होता. मी म्हटलं, मी जाऊन आक्कांना समजावून सांगते, त्यांना कळेल. आईनं मान हलवली.

"काय सांगशील? आमच्या रानात पाय ठेवू नगा? आमच्या खुरप्याला शिवू नगा?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आज्जीला लोकं जे म्हणायची, ते आता मीच माझ्या तोंडानं म्हणू व्हय?"

विज्ञानाच्या बाजूनं सगळं बरोबर होतं आणि तरी तिचं खोटं नव्हतं. रोगाची बातमी एकदा शिवारात फिरली की ती झाडापाशी थांबली नसती. त्यांच्या हातानंच आला, असं कुणीतरी म्हणालंच असतं.

संध्याकाळी आई आक्कांच्या दारात गेली. मी मागं उभी होते.

"आक्का, उद्यापासनं मला पैऱ्याला धरू नगा."

"का गं? कुठं दुखतंय?"

"दुखत न्हाय. जमत न्हाय आता."

आक्कांनी आधी आईकडं, मग माझ्याकडं बघितलं. "लेक विद्यापीठात जायला लागली, तवा चिखल नकोसा झाला म्हण की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं, आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.

मग तिनं एकटीनं रोप उपटलं. आधी मान टाकलेलं, मग त्याच्या भोवतीचं चांगलं, आणि शेवटी सगळंच. काही झाडांना हिरवी फळं धरली होती, तीही तशीच ढिगावर टाकली. ढीग वाळल्यावर पेटवला. रानातनं निघताना ती खुरपं विस्तवावर धरायची आणि पाय बांधाच्या आतच धुवायची. पुढची वर्षं तिनं त्या तुकड्यात मका आणि शाळू सोडून दुसरं काही घेतलं नाही.

वरच्या रानांत त्या वर्षी टोमॅटो दणकून आला. क्रेटच्या क्रेट आमच्या बांधावरनं गेले. रोग कुणाच्याच रानात शिरला नाही, त्यामुळे तो कुणी अडवला हे विचारायचं कारणच नव्हतं. पैऱ्यात आईच्या जागी दुसरी बाई आली. आई आपल्या बांधावर एकटी भाकरी खायची. पाऊलवाटेवर गाठ पडली की आक्का म्हणायच्या, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" अनोळखी माणसाला म्हणतात तसं. आई म्हणायची, बरं हाय.

सतत बचावाच्या तयारीत ठेवलेलं झाड खुरटं राहतं, हे मी त्याच काळात प्रयोगशाळेत मोजत होते. घरी आई बारीक होत चालली होती. ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

माझा प्रबंध पुरा झाला तोवर नवं शतक लागून काही वर्षं गेली होती. एकदा मी आईला काचघर दाखवायला घेऊन गेले. ती तंबाखूच्या कुंड्यांमधून साडी सावरत, कशाला धक्का लागू नये अशी चालत होती. मी एक टोचलेलं पान तोडून तिच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडं धरलं. डागातनं उजेड पिवळा दिसत होता.

"ह्यो रोग?"

"नाही. इथल्या पेशींनी स्वतःहून जीव दिला. रोग पुढं जाऊ नये म्हणून."

तिनं पान उलटून त्याची पाठ बघितली. मग म्हणाली, "आन् बाकीच्या पानांस्नी ते ठावं असतंय?"

मी सांगितलं, असतं. डागाच्या जागेवरनं झाडभर निरोप जातो. लांबची पानंही सावध होतात आणि पुढचे बरेच दिवस ते विसरत नाहीत. एवढं सांगून झाल्यावर ती काय विचारते आहे ते मला कळलं.

आईनं पान अलगद कुंडीतल्या मातीवर ठेवलं.

"झाडाचं बरं हाय की," ती म्हणाली.