अनसूयाबाईंची चोवीस रुपयांची लढाई

दिनकरराव कारकुनांना अनसूयाबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्या नऊ फूट उंच होत्या. ही उंची खुद्द दिनकररावांनीच ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आपल्या घरी, डोक्याला पट्टी बांधून घेता घेता सांगितली होती. तेव्हा तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. दिवाळीपर्यंत बाई अकरा फुटांवर गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून ठिणग्या पडू लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवात शांताताईंनी, म्हणजे दिनकररावांच्या पत्नीने, जमलेल्या बायकांना सांगितलं की त्या बाईने यांचा एक्का घोड्यासकट उचलून नाल्यात फेकला. घोडा त्या वेळी चिंचेखाली उभा राहून चणे खात होता, पण त्याची साक्ष कोणी काढली नाही.

खरं म्हणजे अनसूयाबाई जेमतेम पावणेपाच फूट होत्या, आणि वजनाने दिनकररावांच्या दफ्तरापेक्षा थोड्याच जड.

घडलं ते असं. आफ्रिकेतल्या लढाईत ग्वाल्हेरचे जे शिपाई पडले, त्यांच्या गरीब विधवांना दरमहा चार रुपये मदत मंजूर झाली. पूर्वी अशी मदत धान्याची असे, आणि ते धान्य मुखियाच्या कोठारातून, सासऱ्याच्या कणगीतून, दिराच्या पोत्यातून फिरत बाईपर्यंत पोचलं की त्याचा कोंडा झालेला असे. म्हणून या खेपेला हुकूम होता की रोकड द्यायची, सहा महिन्यांची एकदम, आणि ती बाईच्या हातात. मध्ये दुसरा कोणाचाही हात नको. या कामावर दिनकररावांची नेमणूक झाली, कारण अख्ख्या कचेरीत दुसऱ्याच्या डब्यातलं पान न खाणारे ते एकटेच होते.

एकोणीसशे एकोणीसच्या दसऱ्याला ते पागेच्या पुऱ्यात पोचले. भिंडच्या वाटेवर, चंबळेच्या बेहडांना, म्हणजे मातीच्या घळींना, लागून असलेलं हे आठ मराठा घरांचं गाव. यांचे पणजे दक्षिणेतून घोड्यांवर आले होते. घोडे केव्हाच गेले, जमिनी वाटण्या होऊन रुमालाएवढ्या झाल्या, पण काठ्या मात्र घरटी चार होत्या. इतर गावांत बोलणी फिसकटली की काठ्या निघतात. पागेच्या पुऱ्यात काठ्या मोडल्या की बोलणी सुरू होत.

दिनकररावांनी चौथऱ्यावर बसून अनसूयाबाईंच्या ओंजळीत चोवीस रुपये घातले. बाईंनी तेवीस कमरेला खोचले, उरलेला एक पदराच्या टोकावर ठेवला, दोन्ही तळहात जोडून त्यावर तो रुपया धरला आणि कमरेत वाकून दिनकररावांपुढे केला.

ही नजर. दरबारात चाकराने धन्यापुढे असा रुपया धरायचा, धन्याने तो बोटांनी शिवायचा आणि तिथेच सोडायचा. रुपया चाकराकडेच राहतो, मान दोघांना मिळतो. पुऱ्यातल्या आठ घरांकडे जुन्या वैभवातलं एवढंच शिल्लक होतं, आणि त्याला पैसाही लागत नव्हता. दिनकररावांनी ही रीत जन्मभर पाहिली होती. पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात फक्त हुकुमाचं पाचवं कलम होतं: वाटप करणाऱ्याने बाईकडून एक छदामही परत घेऊ नये. समोर रुपया दिसताच त्यांनी विंचू पाहिल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, “छे छे, हे मला चालायचं नाही.”

चौथऱ्यावरचे लोक उठून उभे राहिले. नजर नाकारली जाते ती फितुराची. म्हणजे अनसूयाबाईंचे यजमान जयसिंहराव आफ्रिकेत पाठ दाखवून पळाले, असं सरकारचा माणूस आठ घरांसमोर सांगत होता.

अनसूयाबाईंनी रुपया शांतपणे कमरेला लावला. मग दिनकररावांचीच कातडी बांधणीची आठ शेरांची वही दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या डाव्या कानावर हाणली. ते उजवीकडे कलंडले, तिथे बाईंचा दीर सूर्याजी वहिनींच्या मानासाठी काठी घेऊन उभाच होता. डोक्याला सात टाके पडले. एक्केवाल्याने त्यांना पोत्यासारखं आत टाकलं, आणि पागेच्या पुऱ्यातल्या शेवटच्या दगडाने एक्क्याचं छत फाडलं.

कचेरीतल्या म्हाताऱ्या फडणीसांनी सारी हकीगत ऐकून दिनकररावांना एवढंच विचारलं, की घेऊ नये असं कलम आहे, शिवू नये असं कुठे आहे? दिनकररावांनी पाचवं कलम तीनदा वाचलं. तसं कुठे नव्हतं.

होळीला ते पुन्हा गेले. पागोट्यात शांताताईंनी दोन शेर कापूस भरून दिला होता. रुपया पुढे आला, त्यांनी तो बोटाने शिवला, आणि पुऱ्याने जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात त्यांना खाटेवर बसवलं. सूर्याजीने तर त्यांच्या डोक्यावरची खूण बोटाने चाचपून पाहिली आणि टाके चांगले भरले म्हणून आनंद व्यक्त केला.

त्या दिवशी बाईंनी त्यांना आपला बेत सांगितला. त्या आणि त्यांची मुलगी पद्मा सूर्याजीच्या घरात होत्या. दळण, कांडण, शेणगोठा सगळं बाईंकडे, आणि पद्माच्या ताटात पडे ती शेवटची खरवड. बाईंना वेगळी चूल मांडायची होती. त्यासाठी हवी होती एक भदावरी म्हैस. तांब्याच्या रंगाची, दिसायला लहान, दूध बेताचं, पण तुपाला अशी की लष्करचे हलवाई भांडत येतात. किंमत सत्तर रुपये. दसऱ्याला तिसरं वाटप झालं की बाहत्तर होत होते.

“पंत, फक्त तेवढे दिवस मला जिवंत राहू द्या, म्हणजे झालं,” असं त्या म्हणाल्या. दिनकररावांना ती बोलण्याची लकब वाटली. ती लकब नव्हती.

सूर्याजी स्वभावाने वाईट नव्हता. तीन वर्षं त्याने भावाच्या माणसांना पोसलं होतं आणि गावभर ते सांगितलंही होतं. वहिनींच्या हातात रोकड आल्यापासून त्याच्या सांगण्यातला दम गेला. घरात एकच कर्ता असावा हे त्याचं मत, आणि तो कोण याबद्दल त्याला शंका नव्हती. आधी त्याने पैसे गोडीने मागितले. मग टोमणे झाले. “आमच्या चुलीवर जेवायचं आणि सरकारचे रुपये उराशी घेऊन झोपायचं, वा वहिनी.” बाई म्हणाल्या, “जेवले ते दळून जेवले, भाऊजी. फुकट गिळणारी तोंडं या घरात दुसरी आहेत.” त्यानंतर हात चालू झाले.

वहिनींना मात्र त्याने जन्मात कधी अरेतुरे केलं नाही. त्यांच्या खोलीचं दार कुऱ्हाडीने फोडलं तेव्हाही आधी बाहेरून म्हणाला, “जरा बाजूला व्हा, वहिनी, लागेल.” आत अनसूयाबाई विळा घेऊन बसल्या होत्या. तो आत आला तो आधी उजव्या पायाने, म्हणून विळा उजव्या मांडीत गेला, चार बोटं खोल. त्याने काठी फिरवली. बाईंचा डावा हात मनगटाच्या वर मोडला, आणि मोडल्याचा आवाज म्हणे शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला. पद्माने काकाच्या पोटरीला जे दात लावले ते काढायला दोन माणसं लागली. पण पैसे काही सापडले नाहीत. ते बाईंनी शेणाच्या गोवऱ्यांत थापले होते, आणि सूर्याजीने त्या महिनाभर स्वतःच्या हाताने रचल्या होत्या.

हाडवैद्याने बाईंच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. त्यानंतर सतराव्या दिवशी दसरा आला.

दिनकरराव चौथऱ्यावर बसले. समोर अनसूयाबाई, हात गळ्यात. त्यांच्या पुढे लंगडत सूर्याजी आला आणि त्याने ओंजळ पसरली.

“वहिनींचा हात मोडलाय, पंत. त्यांना नजर करता येत नाही. आणि नजर केल्याशिवाय या गावात सरकारचा पैसा कोणी घेतलेला नाही, घेणार नाही. आठही घरं हजर आहेत, पूछ लो. तेव्हा यंदा मी घेतो.”

आठही घरांनी माना हलवल्या. हात कोणी मोडला हा घरगुती प्रश्न होता, रीत ही सगळ्यांची होती. दिनकररावांनी मनातल्या मनात पाची कलमं चाळली. मोडक्या हाताबद्दल त्यांत काही नव्हतं. हे चोवीस रुपये सूर्याजीच्या ओंजळीत पडले तर म्हैस गेली, चूल गेली, आणि पुढच्या होळीपर्यंत बाईही जाणार, हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं.

“एका हाताने केली तर?” त्यांनी विचारलं.

“भीक एका हाताने मागतात,” सूर्याजी म्हणाला.

अनसूयाबाईंनी दातांनी सुतळीची गाठ सोडली. कामट्या एकेक करून चौथऱ्यावर पडल्या. आतला हात दुधी भोपळ्यासारखा सुजलेला, निळा, आणि मधेच वाकडा होता. त्यांनी तो उजव्या हाताने उचलून पुढे आणला आणि तळहात वर फिरवला. हाड पुन्हा सरकलं, ते सगळ्यांनी पाहिलं. बाईंच्या ओठांतून रक्त आलं, आवाज आला नाही. “घाला, पंत,” त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी चोवीस रुपये घातले. त्यांतला एक अंगठ्याने वर सारून बाईंनी ती ओंजळच वाकून पुढे केली. दिनकररावांनी तो शिवला.

त्याच क्षणी सूर्याजीने ओंजळीवर झडप घातली. रुपये धुळीत उधळले. बाई वाकलेल्या होत्या तशाच त्यांनी डोकं वर फेकलं, ते त्याच्या नाकावर बसलं आणि नाक एका बाजूला गेलं. त्याने काठी डोक्यावर उचलली. त्या काठीखाली बाई वाचल्या नसत्या.

दिनकररावांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत डाससुद्धा फुंकरीने उडवला होता. आपण काय केलं हे त्यांना नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. आणखी तीन गावांच्या विधवांची चांदी असलेली थैली त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याभोवती एकदा फिरवली आणि सूर्याजीच्या जबड्यावर सोडली. चार दात पडले, एक नंतर हलू लागला. मग आठ घरांनी विचार केला. नजर शिवली गेल्यानंतर हात उगारणं म्हणजे रीतीचा अपमान, असं ठरलं, आणि रीतीच्या रक्षणासाठी सगळ्यांनी मिळून सूर्याजीला दिवेलागणीपर्यंत मारलं. त्याच्या तीन बरगड्या गेल्या. उधळलेले चोवीसही रुपये पुऱ्यातल्या लोकांनी वेचून बाईंच्या पदरात टाकले, एकही कमी न होता.

म्हैस आली. गावाच्या टोकाला बाईंनी चार भिंती उभ्या करून चूल मांडली. हात वाकडाच राहिला, पण त्या कोपराने रवी फिरवायला शिकल्या. सरकारच्या रुपयांतून उन्हाळ्यात सरकी आणि पेंड येई, म्हणून म्हैस आटत नसे. पद्माच्या गालांवर मांस आलं. बाई दुसऱ्या म्हशीचं बोलू लागल्या, मग पद्माला लष्करच्या कन्याशाळेत घालायचं बोलू लागल्या, आणि दिनकरराव बाजारभावाला वर एक आणा देऊन त्यांचं तूप विकत घेऊ लागले. तुपाच्या पहिल्या घासालाच शांताताईंनी बाईंची उंची साडेपाच फुटांवर आणली.

चौथ्या वर्षी वाटपाच्या तक्त्यात नवं सदर आलं, “जनावरे”. दिनकररावांचा ऊर भरून आला. अनसूयाबाईंच्या नावापुढे त्यांनी आपल्या सर्वांत सुंदर मोडीत लिहिलं: म्हैस एक, भदावरी, दुभती, अत्यंत गुणी. शिवाय वेगळा कागद जोडून, रोकड थेट हातात दिली तर एक गरीब बाई काय करू शकते, हे वरिष्ठांना दोन पानं भरून कळवलं.

फाल्गुनात उत्तर आलं. ज्यांना उपजीविकेचं अन्य साधन आहे त्यांची मदत बंद. चैत्रात पेंड संपली, वैशाखात म्हैस आटली आणि भिंडच्या एका व्यापाऱ्याने ती अडतीस रुपयांना नेली. आषाढ लागायच्या आत अनसूयाबाई पद्माला घेऊन सूर्याजीच्या घरी परत राहायला गेल्या.